बाहेरची चादर

"मला शिकवू नकोस. ही चादर आपल्या दवाखान्याची नाही."

"नाहीच आहे. मी कुठे आहे म्हणते? पण ताई, आधी ऐकून तर—"

"काय ऐकायचंय? नाक आहे मला."

नाक खरंच होतं थोरलीला. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. गाठोडं सोडायच्या आधीच सांगायची, हे बाळंतिणींकडचं, हे भाजलेल्यांचं, आणि सहसा चुकायची नाही. कानांना मात्र तिथे काही काम नसे. यंत्रं सुरू झाली की ओरडल्याशिवाय शेजारणीचा शब्द ऐकू यायचा नाही. बायका हातवाऱ्यांवर भागवायच्या. ती सवय तिने घरीही नेली होती. नवऱ्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच तिची मान हलायची, कळलं म्हणून. तो म्हणायचा, हिच्यापेक्षा भिंतीशी बोलावं, भिंत निदान मान हलवत नाही.

समोर उभी होती ती धाकटी, तिची जाऊ. तिला इथे चिकटवलं थोरलीनेच, आणि लगेच पस्तावली. बाईच्या अंगाला वास. आंबूस, कोंदट, ओल्या फडक्यासारखा. केस धुतलेले असोत, कपडे इस्त्रीचे असोत, वास आहेच. डबा खाताना थोरली बाकाच्या पार टोकाला सरकायची. बाकीच्या नाकं मुरडायच्या तेव्हा तिलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गलिच्छ, एवढ्या एका शब्दात तिने जावेचा निकाल लावून टाकला होता. धाकटी एकदा अगदी कानाशी येऊन काहीतरी सांगू लागली होती. थोरलीने श्वास रोखून धरला. श्वास रोखून कोण ऐकतं?

आणि आज मळक्या ढिगात ही चादर. शिक्का नाही, मधोमध पिवळा डाग वाळून कडक झालेला. थोरलीने ती दोन बोटांत धरून अंगापासून लांब ठेवली. म्हणजे बाई लोकांची धुणी घेते आणि इथल्या साबणावर धुऊन नेते.

"शेण खायचं तर दुसरीकडे जाऊन खा. मी शब्द टाकून लावलंय तुला इथे," असं म्हणून ती चादर घेऊन थेट साहेबांच्या खोलीत घुसली. धाकटी मागोमाग. दार लागलं तसा यंत्रांचा आवाज तुटला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाहेरचं धुणं आत टाकलं तर काय होतं ते ठाऊक आहे ना, त्यांनी विचारलं. ठाऊक आहे, धाकटी म्हणाली. मग हे कोणाचं?

"सासूबाईंचं. रात्रभर अंथरूण भरवत असतात. हाताने धुतलेलं वाळत नाही, आणि घरात कोरडी चादर उरली नव्हती." मग थोरलीकडे न बघताच, "यांच्याही सासूबाईच त्या."

सासू अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीने हात वर केले होते. दिवसभर लोकांचं धुवायचं आणि घरी येऊन परत तेच? त्यानंतर धाकटीच्या घरी तिने पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या वासाच्या नुसत्या विचाराने तिला ओकारी यायची. तोच वास रोज तिच्या बाकावर बसून डबा खात होता, आणि एवढ्या नाकवालीला तो ओळखू आला नव्हता.

साहेब म्हणाले, वाईट वाटतं, पण रुग्णांच्या कपड्यांत घरचा कपडा चालत नाही. माझ्या कानावर आलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. उद्यापासून येऊ नका.

"मी तक्रार मागे घेते," थोरली म्हणाली.

साहेबांनी उठून खिडकी उघडली.

थोरलीला स्वतःची किळस आली. आणि तशातही तोंडातून निघालं ते भलतंच.

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का आधी?"

धाकटीने चादर झटकली. डाग आत घेऊन तिची नीट घडी घातली, काठाला काठ लावून, स्वच्छ चादरीची घालतात तशी. अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर ठेवला. मग चादर काखेत मारली, दार उघडलं, आणि यंत्रांच्या गडगडाटातून चालत ती निघून गेली.