कर्णिक मॅडमची तंबाखू

कर्णिक मॅडमनी पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचं ताट होतं आणि ताटात काहीतरी तपकिरी, ओलसर पसरलेलं होतं. आम्ही मुलुंड पूर्वेला नुकतेच राहायला आलो होतो आणि मी समोरच्या दारी गॅसवाल्याचा नंबर मागायला गेले होते.

"आत ये आणि आधी दार लाव," त्या म्हणाल्या. "वारा आला तर सगळं उडेल."

मला वाटलं, कसुरी मेथी वाळवतायत. जवळून वास आला, तंबाखूचा.

"तुम्ही... ओढता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही, लोणचं घालते," त्या म्हणाल्या आणि ताट खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून गॅसवाल्याचा नंबर शोधायला लागल्या.

मॅडमनी सत्तरी ओलांडली होती. बुटकी मूर्ती, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, इस्त्रीची सुती साडी. लग्न केलेलं नव्हतं. घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावर आसपासच्या आठ-दहा बारावीच्या मुलींना त्या घरी फुकट शिकवत. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. फी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "फी घेतली की आया येऊन बसतात," त्या म्हणाल्या.

आणि रविवारी दुपारी चार वाजता, मागची खिडकी उघडून, दार लावून, त्या पाइप ओढत. आठवड्यातून एकच. बोटीवर नोकरीला असलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी वर्षातून दोनदा तंबाखूचे डबे आणून देई. या सवयीची सुरुवातही त्यांनीच सांगितली. शिकवायला लागण्याआधी, तरुणपणी, त्या एका प्रयोगशाळेत काम करत. तिथले साहेब पाइप ओढत आणि तंबाखू नीट वाळवून ठेवायचं काम यांच्या गळ्यात पडलं होतं. "ओढायचे ते, वाळवायची मी. एक दिवस म्हटलं, बघू तरी, आपण एवढं काय वाळवतो ते."

तब्येतीला वाईट ना, असं मी म्हणून बघितलं. "वाईटच. हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तर आठवड्याला एक."

मी घरून काम करते. त्यामुळे शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. शनिवार हा वाळवायचा वार. डबा उघडला की आतली तंबाखू दमट, दाबून बसवलेली असे. बोटांच्या टोकांनी त्या ती मोकळी करत आणि ताटात एकच पातळ थर पसरत. ऊन लागू देत नसत, कारण उन्हात वरचं सुकतं आणि आतलं ओलंच राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा मुलुंडात पापडसुद्धा सादळतात, तेव्हा ताटापासून वीतभर अंतरावर टेबललॅम्प लावून ठेवत आणि दर पंधरा मिनिटांनी थर वरखाली करत.

"ओली तंबाखू जळत नाही, शिजते," त्या सांगत. "मग लोक जोरजोरात ओढतात आणि म्हणतात, जीभ भाजली. जीभ धुराने नाही भाजत, वाफेने भाजते."

झाली की नाही ते बघायची रीत त्यांनी मला शिकवली. चिमूट घ्यायची, दाबायची, सोडायची. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. करकरली तर संपलं. हळूहळू आपोआप सुटायला लागली की झाली. "सुटली पाहिजे, तुटली नाही पाहिजे." मी कधी पाइप ओढला नाही, पण ती चिमूट बोटांत सुटताना मला फार बरं वाटायचं.

एकदा त्या दूध आणायला खाली गेल्या आणि मी घाई करून पंखा पाचावर टाकला. त्या परत येईपर्यंत अर्धी तंबाखू जमिनीवर आणि उरलेली कुरकुरीत. मी ओशाळले. त्यांनी नुसतं बोटाने चाचपून बघितलं, एक स्वच्छ फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि ताटावर अंतर ठेवून ताणून बांधलं. "तासाभरात थोडी येईल परत. सगळी नाही येणार." माझ्यावर रागावल्या नाहीत. जमिनीवरची झाडायला मात्र मलाच लावली.

त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढायची कल्पना माझी. त्या आधी नको म्हणाल्या, मग तयार झाल्या. "हात घे. तोंड घेऊ नकोस."

"नाही घेत, मॅडम."

तो रविवार होता. मी हात घेतले. तंबाखू मोकळी करणारी बोटं, चिमूट, पाइपमध्ये तीन वेळा थोडी थोडी भरणं, पहिल्यांदा सैल, मग जरा दाबून. मग त्यांनी काडी ओढली आणि मी फोन वर केला. ठरवून नाही, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे ठरवूनच. खिडकीतल्या उजेडात त्या डोळे मिटून धूर सोडत होत्या आणि इतक्या छान दिसत होत्या की मला ते कोणालातरी दाखवायचं होतं.

कॉलेजच्या चार मैत्रिणींच्या ग्रुपवर मी तो टाकला. खाली लिहिलं, "आमच्या शेजारची डॉन." हसण्याचे चार चेहरे आले. बुधवारपर्यंत तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला होता आणि कोणीतरी त्याला ढिंच्याक गाणं लावलं होतं. "कोणी शूट केलं यार?" असं एकाने विचारलं. मी फोन उलटा करून ठेवला.

त्या संध्याकाळी तीन मुली आल्या. पुढच्या सोमवारी एकही नाही. सहा वाजता मॅडमचं दार उघडं होतं, सतरंजी घातलेली होती. मी पीपहोलमधून बघत होते. साडेसहाला त्यांनी सतरंजीची घडी केली आणि दार लावलं.

पंधरा दिवस मी त्यांना चुकवलं. जिन्यात चाहूल लागली की आत थांबायची. शेवटी त्यांनीच माझी बेल वाजवली.

"तुला हात घे म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले.

"रडू नकोस, माधवी. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. एक काम कर. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या सायलीची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. हुशार नाही, पण कष्टाळू आहे. तिच्या आईला जाऊन खरं काय ते सांग. मुली असताना माझ्या घरात कधी काडी पेटली नाही, हे तुला माहीत आहे."

मी दुसऱ्या दिवशी गेले. सावंतवहिनींनी चहा ठेवला. मी म्हणाले, मॅडम चांगल्या आहेत, कोणीतरी तो व्हिडिओ काढला आणि उगाच पसरवला. "कोणीतरी," असंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"ते जाऊ दे गं. तू मला सांग ना, तुझी मुलगी असती तर तू पाठवली असतीस?"

पाठवली असती. हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण आम्ही बिल्डिंगमध्ये नवीन होतो, दारातून त्यांच्या सासूबाई ऐकत होत्या, आणि मला चांगल्या घरातली दिसायचं होतं.

"तसं बघितलं तर... तुमचंही बरोबर आहे," मी म्हणाले.

वर येऊन मॅडमना सांगितलं, वहिनी नाही म्हणाल्या.

"तू काय म्हणालीस?"

"सगळं सांगितलं."

"बरं," त्या म्हणाल्या.

सायलीला केमिस्ट्रीत जेमतेम पासापुरते मिळाले. तिने सायन्स सोडून कॉमर्सला नाव घातलं. मुली परत आल्या नाहीत. मॅडम माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. गावाला जाताना किल्ली ठेवायला देत, भाजी महाग झाली म्हणून कुरकुरत, चहाला बोलावत. फक्त शनिवारी बोलावत नसत. एकदा तो बोटीवरचा विद्यार्थी जिन्यात भेटला. मी विचारलं, डबे आणलेत का? "मॅडमनी आणू नको म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "का ते नाही सांगितलं."

दोन वर्षांनी मॅडम गेल्या. सकाळी दूध दारातच राहिलं होतं, म्हणून कळलं. झोपेतच गेल्या होत्या.

सोसायटीने रविवारी सकाळी गच्चीवर शोकसभा ठेवली. पंचवीस-तीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. शिस्तीच्या होत्या, मनमिळाऊ होत्या, असं लोक बोलत होते. मनमिळाऊ त्या मुळीच नव्हत्या. दोघांचं बोलून झाल्यावर मी उठून उभी राहिले.

"मला सांगायचं आहे," मी म्हणाले. "तो व्हिडिओ मी काढला होता."

शेजारी बसलेल्या सावंतवहिनींनी माझी ओढणी धरून हलकेच ओढली.

"बस गं. माहीत आहे सगळ्यांना."

मी खाली वाकले. "कसं?"

"मॅडमनीच सांगितलं होतं. तू माझ्याकडे आलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी त्या स्वतः आलेल्या. म्हणाल्या, व्हिडिओ मीच माधवीला काढायला सांगितला, तिला कोणी काही बोलायचं नाही. उद्या ती येईल, तिचं ऐकून घ्या." वहिनी थांबल्या. "मग तू आलीस, आणि म्हणालीस, कोणीतरी काढला."

"तुम्ही... मॅडमना सांगितलंत? मी काय म्हणाले ते?"

"सगळं. अगं, मला राग आला होता तुझा. त्या म्हणाल्या, घाबरली असेल ती. घाबरलेल्या मुलीचा पेपर तपासायचा नसतो."

म्हणजे दोन वर्षं त्या माझ्यासमोर बसून चहा प्यायल्या होत्या, आणि "सगळं सांगितलं" हे माझं वाक्य खोटं आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला आणखी काही बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नुसती उभी होते. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. खुर्च्या सरकल्या आणि सगळेच उभे राहिले.