पाऊण तासाचं आकाश

माझी थोरली बहीण मुंबईत नर्स होती. एका आजारी बाईंच्या सोबतीला ती विमानाने औरंगाबादला जाणार, असं तिचं पत्र आलं. आमच्या घरातलं कुणी कधी विमानात बसलं नव्हतं. वडील शिक्षक होते. त्यांनी नकाशावर मुंबईपासून औरंगाबादपर्यंत दोरा ताणला, तर तो आमच्या संगमनेरवरून गेला.

"पाऊण तासाचा प्रवास आहे," ते आईला म्हणाले. "आठला निघाली की वीस-बावीस मिनिटांत ती आपल्या डोक्यावर."

आम्हाला एसटीने मुंबई गाठायला अख्खा दिवस जायचा. आईला ते खरंच वाटेना.

त्या सकाळी आम्ही तिघं गावाबाहेरच्या माळावर जाऊन उभे राहिलो. दुष्काळाचं साल होतं, आभाळ अगदी कोरं होतं. आधी लांबून घरघर ऐकू आली, मग चांदीचा एक ठिपका हळूहळू सरकत आला. आईने पदराचं टोक धरून हलवलं आणि आवाज विरून गेला तरी ती हलवतच राहिली. माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत, तेच मला कळेना.

महिन्याने ताई घरी आली.

"आम्ही दिसलो का गं तुला?" आईने विचारलं.

ताई ओशाळली. "रात्रपाळी करून निघाले होते. बाईंना झोप लागली, तसा माझाही डोळा लागला."

"लागणारच," आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "आपल्या गावावर आली होतीस ना."