घाटातला गोड वास

आंबा घाटाच्या चढाला दाजींच्या वेगवान परदेशी गाडीत गोडसर वास दरवळू लागला. "डिकीतला फणस पिकला वाटतं," ताई खूश झाली. पण तो फणस भाजीचा होता, अगदी कोवळा.

"दाजी, थांबा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय, त्याचाच हा वास."

"मेहुणे, ही गाडी आहे, तुमचं कौलारू घर नव्हे गळायला!"

टोमणा झकास होता, मीही हसलो. तापमानाचा काटा मात्र लाल रेघेत शिरला आणि दरीकडच्या वळणावर इंजिनानं मान टाकली. बॉनेटखालून वाफ फुसफुसत होती. दाजी तणतणत उतरले, बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या टाकीच्या टोपणावर रुमाल धरला.

"हात काढा! आत उकळतंय, अंगावर उडेल!" मी ओरडलो.

तोवर टोपणाचा पहिला आटा फिरला होता.