टेन्शन मी घेतलं नव्हतं

माझी लेक दुसरीत होती. सोयाबीन सोंगायचे दिवस होते, मी वावरात होते आणि शाळेतून फोन आला, लगेच या. विळा तिथंच टाकला आणि गेले.

वर्गात बाईंनी दुसऱ्याच एका पोराला रागावलं होतं. रागावताना टेबलावर छडी आपटली. तेवढ्यावरून माझी लेक टेबलाखाली शिरली, ती बाहेर यायलाच तयार नव्हती. वाकून पाहिलं तर दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, फ्रॉक ओला. मी तिला ओढून कडेवर घेतलं. तिची छाती इतकी धडधडत होती की माझ्या हाताला लागत होती.

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी मारता का हो हिला?"

आम्ही तिला कधी बोट लावलं नव्हतं. मी तसं सांगितलं. बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांची चूक नव्हती. असं लेकरू पाहिलं की कोणीही हेच विचारेल.

ती जन्मापासूनच तशी होती. झोळीत असताना घरात ताट पडलं तर बाकीची लेकरं दचकतात, रडतात आणि गप होतात. ही तासभर गप होत नसे. ट्रॅक्टर दारावरून गेला की श्वास अडकल्यासारखी करायची. मोठी झाली तशी शाळेच्या दिवशी सकाळी उलटी करायची. सासूबाईंनी नजर उतरवली, केनवडच्या बाजारातून काळा दोरा आणला, कोणाकडून तरी ताईत आणला. सासऱ्यांचा उपाय वेगळा होता. "आवाजाची सवय लागली पाह्यजे पोट्टीले," म्हणायचे. एका दिवाळीत त्यांनी तिच्या पाठीमागे गुपचूप फटाक्यांची लड लावली. लेक चार दिवस बोलली नाही. सगळे हसले होते, मी सोडून. तेव्हा मी भांडले नाही, याचा मला आजही स्वतःचा राग येतो.

शाळेतल्या त्या प्रकारानंतर मी हट्टच धरला आणि तिला वाशिमला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत नवरा आणि सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी आधी नेहमीचं विचारलं. बाळंतपण कुठं झालं, वजन किती होतं, लगेच रडली का. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ही पोटात असताना तुमचे दिवस कसे गेले?"

मला हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. नऊ महिने मी तपासणीला जात होते. वजन केलं, रक्त पाहिलं, लाल गोळ्या दिल्या. घरी कसं आहे बाई, असं एकानंही विचारलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चांगले गेले न. काई कमी केलं नाई. डोहाळजेवन केलं, फोटो हायेत."

मग मी बोलले. नवऱ्याकडे न पाहता बोलले.

पाचवा महिना लागला तेव्हा सासऱ्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं धुऱ्यावरून जुंपलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो नांगराच्या दोन सऱ्यांइतका कोणी कोणाकडे सरकवला, एवढाच वाद. पण दोन्ही घरांचं आंगण एकच, त्यामुळे वावरातलं भांडण रोज घरी यायचं. सकाळी बैल सोडताना शिव्या, संध्याकाळी परत आल्यावर शिव्या. आईबहिणीवरून, माझ्या पोटातल्या लेकरावरून. एकदा दगड आला तो दारावर लागला. एकदा कुऱ्हाडीचे दांडे निघाले आणि नवरा डोकं फुटून घरात आला. त्याचा रक्ताचा शर्ट मलाच धुवायला दिला. मला सांगितलेलं असायचं, आतून कडी लाव आणि बस. मी धान्याच्या कोठीला पाठ लावून बसायची. बाहेर आवाज चढला की पोटातलं लेकरू एकदम थांबायचं. हलायचंच नाही. मी पोटावर हात ठेवून वाट पाहायची. आवाज निवला की मग ते लाथा मारायला लागायचं.

सासूबाईंना मी म्हणाले होते, "आत्याबाई, मले माहेरी धाडा. मले येथं दम लागते."

"आता गेली त लोक म्हनतील भेलो, भिऊन सून धाडली. डोहाळजेवन झालं की पाहू."

डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फोटो. त्याच संध्याकाळी आंगणात पुन्हा दांडे निघाले. आणि घराण्याची हिंमत दिसावी म्हणून मला तिथंच ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सोप्या शब्दांत सांगितलं. आई महिनोन्महिने भीतीत राहिली की तिच्या रक्तात ताणाचं रसायन वाढलेलं राहतं. त्यातलं थोडं वार-नाळेतून बाळापर्यंतही पोचतं. आणि त्याच महिन्यांत बाळाचा मेंदू घडत असतो. काही लेकरांमध्ये मग धोका ओळखणारा भाग जरा जास्तच जागा राहतो. दुसऱ्याला जो साधा आवाज वाटतो, तो त्यांना हल्ला वाटतो.

"पण हिचं याच्यामुळेच झालं, असं मी ठामपणे म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "अशा दिवसांतून आलेली कितीतरी मुलं ठणठणीत असतात. शक्यता वाढते, एवढंच. आणि मेंदू अजूनही घडतोच आहे. घर शांत ठेवा. तिला मुद्दाम घाबरवू नका. समुपदेशनाला आणा."

मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं. लेक भेदरट नाही, तिला नजर लागली नाही, तिच्यात काही खोट नाही.

घरी पोचलो. सासरे आंगणात खाटेवर बसले होते. सासूबाईंनी चप्पल काढता काढता सांगितलं, "डॉक्टरीन म्हने, इनं पोटुशी असतानी टेन्शन घेतलं. म्हनून पोरीले असं झालं."

टेन्शन घेतलं. आपल्याकडे सगळे असंच बोलतात. टेन्शन नको घेऊ. फार टेन्शन घेते ती. जसं काही ते दुकानात ठेवलेलं असतं आणि बाई पिशवी घेऊन जाते. सात वर्षं लेकीच्या भीतीला नावं ठेवली, आणि कारण सापडलं तर ते माझ्याच पदरात टाकलं.

मी आंगणात उभी राहून म्हणाले, आणि पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "मामाजी, मी टेन्शन घेतलं नाई. तुमी देल्लं. चार महिने रोज देल्लं."

सासरे म्हणाले, "त आता कायले उकरून काहाडतं?"

नवरा माझा दंड धरून म्हणाला, "जाऊ दे न. बुढ्याले काय समजते?"

"त्यायले नाई समजत, तुले त समजते? तू होता न तेथं."

त्यानं दंड सोडला. मला वाटलं होतं, बोलल्यावर राग निवेल. तो निवला नाही, उलट सरळ उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी धाकट्या जावेला दिवस गेले. चौथा महिना सरत होता. तूर निघाली आणि मोजणीवाल्यांनी लावलेला दगड कोणीतरी हलवला म्हणून पुन्हा आंगणात गर्दी जमली. सासरे, दीर, पलीकडचे तिघे. जाऊ स्वयंपाकघरात पोळी लाटत होती. पहिल्या शिवीला तिचं लाटणं थांबलं. तिनं पोटावर हात ठेवला. तो हात मी ओळखला.

"पिशवी भर," मी म्हणाले.

"ताई, आत्याबाई काय म्हनतील?"

"भर."

मी तिला आणि माझ्या लेकीला घेऊन दारातून निघाले, पुरुषांच्या बरोबर मधून. दिराच्या हातात दांडा होता, तो त्यानं बाजूला केला, नाहीतर जाऊ त्याला धडकली असती. मागून सासूबाई ओरडल्या, "अव, लोक काय म्हनतील?"

"भेलो म्हना," मी म्हणाले.

दुपारच्या एसटीनं जवळच मालेगावला गेलो. तिचं माहेर तिथलं. तिच्या आईनं आधी ताटं वाढली. मी आणि लेक परत आलो, बाळंतपण होईपर्यंत जाऊ तिथंच राहिली. दीर दोनदा न्यायला गेला. दोन्ही वेळा तिनंच त्याला सांगितलं, आंगणातलं भांडण बंद झालं की येते. तिसऱ्यांदा त्यानं फोन करून सांगितलं, आता जे काय आहे ते वावरात होते, घरी नाही. ते खरं निघालं. धुरा आजही मिटलेला नाही. पण आंगणात आवाज होत नाही. होऊ शकत होतं म्हणजे. इतकी वर्षं होऊ शकत होतं.

जावेचा मुलगा दोन वर्षांचा होत आलाय. ताट पडलं तर वळून पाहतो आणि खेळत राहतो. एका लेकरावरून काही सिद्ध होत नाही, हे मला समजतं. तो शांत आहे ते कशानं, मला ठाऊक नाही. पण त्याच्या आईला कोठीला पाठ लावून बसावं लागलं नाही, एवढं मला पुरतं.

माझी लेक आता पाचवीत आहे. महिन्यातून एकदा वाशिमला नेते. उलट्या थांबल्या. अजूनही अचानक आवाज झाला की पांढरी पडते, पण टेबलाखाली जात नाही. श्वास मोजते, तिला शिकवलंय तसा. परवा मी आणि ती आंगणात शेंगा सोलत होतो. सासरे खाटेवर पेपर वाचत होते. तिनं मान खाली घालूनच विचारलं, "आई, मी पोटात होती तवा तू रडत होती?"

"हो."

"कोन रडवत होतं?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. लहान आहे, आजोबा समोर आहेत. पण तिच्या छातीची ती धडधड माझ्या हाताला अजून लागते.

"तुह्ये आजोबा," मी म्हणाले. "आनं त्यायचे भाऊ. आनं तुह्या बाबानं थांबवलं नाई."

सासऱ्यांनी पेपराची घडी केली. चप्पल पायात सरकवली आणि रस्त्याकडे निघून गेले. लेकीनं ते जाईपर्यंत पाहिलं, मग पुढची शेंग घेतली. मीही घेतली. मला वाईट वाटलं नाही.