पाइप सोडून बाकी सगळं

आमच्या तांड्यात चार घरं माझ्याशी बोलत नाहीत. मी कुणाच्या शेताचा धुरा कोरला नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही. नदीकाठची सिमेंटची चार बाकडी बैलबंडीत घालून नेली, एवढाच माझा गुन्हा. संध्याकाळी तिथे बसून तंबाखू मळायची सोय गेली, याचा लोकांना अजून राग आहे. नदीचा फेस गेला, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तेव्हा एकदा माझी बाजूही कागदावर असू द्या.

मी बैलांचा व्यापारी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. मी थेट बैलच विकतो. सुरुवात एका बैलावर केली, आणि तोही लंगडा होता. आज दारव्ह्याच्या बाजारात मला ओळखत नाही असा दलाल नाही. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघ्यांना कळत नाही. समोरच्याची बोटं ओली आहेत की कोरडी, यावरून त्याला किती घाई आहे ते मला कळतं.

नदीच्या वरच्या अंगाला सोयाबीन तेलाचा कारखाना आला आणि त्याचा पाइप नदीत उतरला. पुढच्या वर्षापासून डोहावर फेस दिसू लागला. वास तर असा, की पाहुणे जेवायला थांबेनात, आणि त्यात काहींची सोय झाली हेही खरं. पण जनावरं पाण्याला तोंड लावेनात. माझ्या घरी म्हैस आहे. ती बायकोची, मी फक्त वैरणीचा धनी. रोज दुपारी डोहात बसणारी ती म्हैस काठावर उभी राहून नुसती फुरफुरायची. तिच्या कातडीला खवले धरले, दूध आटलं. तांड्यातल्या बाया दिवसभर हापशी मारून जनावरांना पाणी पाजू लागल्या. असंच चाललं असतं तर लोकांनी जनावरं विकली असती, आणि विकायला माझ्याच दारात आले असते. म्हणजे नदी घाण राहण्यात माझा धंदाच होता. हे कुणी लक्षात घेत नाही.

सरपंच घरी आला. म्हणाला, "दादा, कंपनीशी तुमीच बोला. घासाघीस तुमच्यासारखी कोणाले जमते?"

स्तुती ऐकली की माझी अक्कल पातळ होते. मी मागण्यांची यादी केली. सौद्याचा माझा नियम असा, की यादीत एक मागणी अशी घालायची जी मिळणारच नाही. शेवटी ती जड मनाने सोडायची, मग समोरचा लाजेने बाकीचं देतो. म्हणून पहिली मागणी लिहिली: पाइप बंद करा. खाली गाळ उपसणं, घाट, बाकडी आणि पिण्याच्या पाण्याचं मशीन.

कारखान्याचा मॅनेजर तरुण होता, मला काका म्हणत होता. थंड खोली, काजूची बिस्किटं. घाटाच्या पायऱ्यांवरून आम्ही तासभर भांडलो. तो तीन बाकडी म्हणे, मी पाच. चारवर आलो. मग तो हळूच म्हणाला, "काका, पाइपचं कसं करायचं?"

मी टोपी काढली, डोकं खाजवलं, पाणी प्यालो, खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ लावला. मग म्हणालो, "चला, तुमच्यासाठी पाइप सोडला."

तो खुर्चीतून उठला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवू लागला. तीस वर्षांच्या धंद्यात सौदा हरलेल्या माणसाने दोन्ही हातांनी माझा हात धरलेला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, सरपंचाचं अर्ध्या तासाचं भाषण. शाल घेऊन घरी आलो, तर बायको म्हशीला हापशीचं पाणी पाजत होती.

"मंग पायपाचं काय झालं?"

"सोडला."

"सोडला म्हंजे?"

"सौद्यात काहीतरी सोडाच लागते. तुले नाई समजत."

"अन् फेस कुठून येते, बाकड्यातून?" तिने बादली आपटली. "आता म्हैस काय बाकड्यावर बसन?"

गाळ उपसला गेला. घाट झाला. बाकडी आली, त्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव, आणि शेजारी पाटी: 'आमची नदी, स्वच्छ नदी'. आठ दिवसांत फेस नव्या पायऱ्या चढून पाटीखाली येऊन बसला. पाण्याचं मशीन कार्ड घातल्यावर चालायचं. म्हशीजवळ कार्ड नव्हतं.

बायको म्हणाली, "परत जा. सौदा मोडा."

"दुपट्ट्यातून हात निघाला की सौदा संपला. मी आजवर फिरलो नाई."

"विकलेल्या बैलात खोड निघाली तर आठ दिवसात परत घेता का नाई?"

"ते वेगळं."

"काहून वेगळं?"

मी ओरडलो. उत्तर नसलं की मी ओरडतो, हे तिला माहीत आहे. ती शांतपणे भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातले चार हमाल आणि दोन बंड्या घेऊन मी घाटावर गेलो. घाट बंडीत मावत नव्हता आणि मशीन पंचायतीच्या कुलपात होतं. बाकडी आणि पाटी तेवढी उचलली. सरपंच धावत आला.

"अरे बाप्पा, बाकडी कायले नेऊन राह्यले?"

"माल परत करून राह्यलो. खोड निघाली."

पुढच्या बंडीला मी मुद्दाम एक बैल जुंपला होता. दिसायला देखणा, पण मन फिरलं की जू मानेवर असताना खाली बसणारा. याच खोडीपायी गिऱ्हाइकाने तो मला परत केला होता. किती चालल्यावर तो बसतो, हे मला पावलापर्यंत ठाऊक होतं. वाटेत दोनदा सावलीत थांबवून मी त्याचा हिशेब जुळवत नेला. कारखान्याच्या फाटकात बरोबर मधोमध तो बसला. हंगाम सोयाबीनचा. मागे ट्रकांची रांग लागली आणि भोंगे सुरू झाले.

मॅनेजर घाम पुसत आला. "काका, बैल उठवा!"

"उठत नाही साहेब. खोडीचा आहे."

"हे काय आणलंय?"

"तुमचा माल. यालाही खोड आहे."

"बरं, सहा बाकडी देतो. वर पत्र्याची सावली."

"पाइप."

"काका, थोडं तुम्ही या, थोडं आम्ही येतो."

"पाइप."

जन्मात पहिल्यांदा मी एकच भाव सांगितला आणि तिथेच बसलो. फार अवघड असतं ते. जीभ सारखी सवलत द्यायला पुढे येत होती. दुपारपर्यंत ट्रकवाल्यांनी मॅनेजरला अशा शिव्या दिल्या, की मला माझा राग वापरावाच लागला नाही. शेवटी वरून फोन आला आणि शिक्क्याचा कागद निघाला: पाइप बंद, पाणी कारखान्याच्या आवारातच टाकी बांधून साफ करायचं. कागद वाचून खिशात घातला आणि बैलाच्या मानेवरचं जू काढलं. तो लगेच उठला.

पाइपला महिनाभरात सिमेंट बसलं. नदी दोन पावसाळ्यांनी धुतली. यावेळी सत्कार झाला नाही. सरपंच एवढंच म्हणाला, "नदी काय, ती वाह्यतेच. बाकडी बरी होती."

म्हैस आता भर दुपारी डोहात गळ्यापर्यंत बसते आणि दोन तास हलत नाही. परवा मी घाटावर गेलो, तर बायको तापलेल्या पायरीवर दुपट्टा अंथरून तिची वाट पाहत बसली होती. मला वाटलं, निदान ही तरी बरं बोलेल.

"चार नेले," ती म्हणाली, "एक तं ठेवाचं होतं."

मग संध्याकाळपर्यंत बोलली नाही. माझं घर धरून पाच.