बेंबीजवळची वाट

आंधळगावच्या भावनाची लेक आम्रपाली जन्मली तीच मूत्राशय पोटाबाहेर उघडं घेऊन. नागपूरच्या डॉक्टरांनी ते आत बसवलं. पुढे आतड्याचा तुकडा जोडून मोठं केलं, खालची वाट शिवून टाकली आणि बेंबीजवळ एक बारीक छिद्र ठेवलं. दर तीन-चार तासांनी तिथून नळी घालायची, तेव्हाच लघवी बाहेर यायची. हे काम भावनाचं. शाळेच्या मधल्या सुट्टीतही तीच जायची. अंगणवाडीची नोकरी यातच सुटली. तिचा नवरा संघपाल तुमसरच्या राईस मिलमध्ये, तो संध्याकाळी यायचा.

आम्रपाली तिसरीत होती. धानाच्या कापणीचे दिवस. त्या सकाळी नळी आत जाईना.

"आई, नको दाबू. दुखून राहिलं."

भावनानं आणखी बारीक नळी घेतली. तीही अडली, टोकाला रक्त आलं. तिनं हात काढून घेतला. दुपारपर्यंत पोरीचं पोट तट्ट फुगलं. जोडलेलं मूत्राशय फुटू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

भंडाऱ्याला न्यायला शेजारच्या सेवकरामभाऊंनी जीप काढली. रस्त्यात धानाने भरलेले ट्रॅक्टर. ना पुढे जाता येई, ना मागे. प्रत्येक खड्ड्याला पोरगी किंचाळायची.

"मले उतरव ना आई!"

"कुठी उतरवू माय तुले?"

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नागपूरच्या सर्जनला फोन लावला. मग सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घातली. बाटलीत लघवी पडायला लागली, तसा पोरीचा आवळलेला हात सैल झाला. भावना भिंतीला टेकून खाली बसली.

नागपूरला पुन्हा ऑपरेशन झालं. छिद्राच्या तोंडाशी व्रण आवळत गेला होता.

"पुन्हा होऊ शकतं का, सर?" संघपालनं विचारलं.

"होऊ शकतं. लक्ष ठेवावं लागेल," सर्जन म्हणाले. "आणि आता नळी मुलीलाच घालू द्या."

"तिच्या हातानं? अन् अडली तं?" भावना म्हणाली.

"अडली तर तिलाच आधी कळेल."

आम्रपाली पंधरवड्यात शिकली. न्हाणीचं दार आतून लावून घ्यायची. भावना बाहेर उभी राहायची, पाण्याचा आवाज ऐकत.

"तू जाय ना आई, मी करतो."

उन्हाळ्यात संघपालनं भावनाला चार दिवस बळेच कोंढ्याला माहेरी धाडलं, लेकीजवळ तो थांबला. रात्री लेकीचा फोन आला, सगळं ठीक होतं. भावना जेवली, आईशी बोलली. सकाळी पहिल्या एसटीच्या वेळेला ती पिशवी भरायला लागली.

"काहून जाऊन राहिली व?" तिची आई बायजाबाई म्हणाली. "पोरगी तं बरी हाये."

"हो, बरी हाये," भावना म्हणाली आणि पायात चपला घातल्या.