प्लगला इस्त्रीच होती

लखनौत लोक मला माशांबद्दल विचारतात. कितीतरी वर्षं झाली. माझी नोकरी इथल्या एका संशोधन संस्थेत, काम वनस्पतींवरचं, माशांशी त्याचा काही संबंध नाही. पण घरात मोठी काचेची टाकी होती, मी चार पुस्तकं वाचली होती, आणि कॉलनीत एकदा नाव पडलं की पडलं. मछलीवाले डॉक्टर साहब. लोक जिन्यात थांबवून विचारतात, सब्जी घेताना विचारतात, आता फोनवर फोटो पाठवून विचारतात. मी सगळ्यांना उत्तरं देतो. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मी आजवर खोटं दिलेलं आहे. खरं उत्तर बायकोला ठाऊक नाही, बहिणीला नाही, मुलीला नाही. ते प्रथमच लिहितोय — आणि लिहायला बसल्यापासून इकडचं तिकडचंच सांगतोय, हे माझं मलाही दिसतंय.

प्रश्न तसे ठरलेले असतात. खायला किती घालायचं? दोन मिनिटांत संपेल एवढंच. खालच्या मजल्यावरच्या मिश्राबाई कणकेच्या गोळ्या घालायच्या. "डॉक्टर साहब, इतने प्यार से देखती हैं, मना कैसे करें?" मी म्हणालो, भाभीजी, ते प्रत्येकाकडे तसेच बघतात, त्यांना पापण्या नाहीत. पाणी सगळं बदलायचं का? कधीच नाही, थोडं थोडं बदला, आणि नळाचं एक दिवस बादलीत ठेवून मग घाला. नवी टाकी आणली, आजच मासे सोडू का? थांबा. काही आठवडे रिकामीच चालू द्या. लोकांना थांबणं जमत नाही. मग रडतात.

आणि हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. डॉक्टर साहब, एकदम सगळे कसे मेले? काल तर ठीक होते.

हाच तो प्रश्न.

मी म्हणतो, हीटर बघा. घरात कुणी बटण बंद केलं होतं का, विचारा. बहुतेक वेळा कुणीतरी म्हातारं माणूस सवयीने बंद करतं. आणि वर — हे मी किती सहज म्हणतो — "हमारे यहाँ भी हुआ था। हमारे पिताजी से।"

आमचे नाना. मिरजेचे. एसटीत ड्रायव्हर होते, जन्मभर. एकही अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला निवृत्तीनंतरही त्यांच्या पाकिटात असायचा. गाडी काढायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, टायरला लाथ मारून बघायची, मगच वर चढायचं, ही त्यांची रीत. ती रीत त्यांनी घरातही आणली होती. बाहेर पडताना सगळे खाली उतरले तरी नाना शेवटी. खोलीखोलीतून फिरून दिवे, पंखे, गीझर, सगळी बटणं बंद करायची. सुनीता, माझी बायको, हॉर्न वाजवायला लावायची. नाना म्हणायचे, "वाजवू दे. हॉर्नला घाबरून कोण गाडी काढतंय?"

आई गेली त्या वर्षी दिवाळीला मी त्यांना लखनौला घेऊन आलो. दोन हजार आठ-नऊचा सुमार. होळी झाली की ते परत जाणार होते. मिरजेला सोसायटीतल्या दोन खोल्या होत्या, खाली चहाची टपरी, आणि डेपोतले जुने सोबती रोज संध्याकाळी तिथं. नानांना एकटं राहायचं होतं. स्वतःचा स्वयंपाक ते करत होते. पुण्याच्या ताईला थोडी काळजी होती, मला — खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. जाणार तर जाऊ देत.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे डिस्कसची जोडी होती. ताटलीसारखे गोल, चपटे मासे. नाजूक, पाणी जरा गार झालं तरी ढासळतात. मोठ्या खटपटीनंतर त्यांना पिल्लं झाली होती. ही पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात, अंगाला लुचलुचून. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा पाचवीत, सगळ्या वर्गाला सांगून आली होती. रविवारी मैत्रिणी बघायला येणार होत्या. नाना तर स्टूल घेऊन टाकीसमोरच बसायचे. "आईबापाला खाऊन वाढत्यात व्हय," म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून हसायचे. "आपल्याकडं येगळं काय हाय?"

हीटरच्या बटणाशेजारी नानांनी स्वतःच लाल टेपचा तुकडा चिकटवला होता. घरातली सगळी बटणं बंद करायची, हे सोडून. आपल्या हाताच्या सवयीवर त्यांनी स्वतःच ब्रेक लावला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हाला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत जायचं होतं, एका मराठी कुटुंबाकडे. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचो. सुनीता आणि मुक्ता खाली जाऊन गाडीत बसल्या होत्या. मी कुर्ता काढला तर तो चुरगळलेला. हॉलमध्ये टेबलाजवळ एकच प्लग, त्यात माशांचा हीटर. मी हीटरची पिन काढली, इस्त्री लावली, टेबलावर चादरीची घडी टाकून कुर्ता फिरवला, अंगात चढवला — आणि खाली गेलो. नाना मागं राहिले होते, त्यांची फेरी मारत. ते कुलूप लावून आले. गाडीत काही बोलले नाहीत.

संध्याकाळी कोहरा, म्हणजे दाट धुकं, असा उतरला की गाडीच्या बॉनेटपुढचं दिसेना. यजमान म्हणाले, असं कुठे जाता, राहा. आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. सुनीता खाली ठेल्यावर मटार घेत थांबली, मुक्ता तिच्याजवळ. नाना गुडघ्यामुळे जिना हळू चढायचे. किल्ली माझ्याकडे होती. मी एकटाच आधी वर पोचलो.

आत बाहेरच्याइतकाच गारठा. दोन्ही डिस्कस तळाशी आडवे. पिल्लं म्हणजे पांढुरकी भुकटी.

आणि टेबलावर इस्त्री. आडवी, चादरीवर. पिन प्लगमध्ये. बटण बंद.

मला एका क्षणात सगळं कळलं. इस्त्री मी चालूच ठेवून गेलो होतो. चादरीवर तिचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. नानांनी फेरीत ती बघितली आणि बटण बंद केलं. हीटर मी दुसऱ्या प्लगला लावला असेल असंच त्यांना वाटलं असणार; त्याची सुटी पिन टाकीमागं लोंबत होती. आणि गाडीत का बोलले नाहीत? सुनेसमोर मुलाला बोल लागू नये म्हणून — दुसरं काय असणार? घर जळायचं वाचलं होतं. त्यांच्यामुळे.

जिन्यात त्यांची चप्पल वाजत होती. घास-घास, एक पायरी, थांबणं, एक पायरी. मला वेळ होता. तुम्ही म्हणाल, घाबरून झालं असेल, गोंधळात झालं असेल. नाही. मी इस्त्रीची पिन काढली. वायर गुंडाळली — नीट, नेहमीसारखी. इस्त्री आतल्या कपाटात ठेवली. ती गार होती. चादर डाग आत जाईल अशी दुमडून गादीखाली सरकवली. मग हीटरची पिन त्या प्लगमध्ये घातली. बटणाला हात लावायची गरजच नव्हती. ते बंदच होतं.

एवढं सगळं मी का केलं? मुक्ताचं तोंड डोळ्यांसमोर आलं, हे खरं. कॉलनीभर हीटरचं सांगत फिरणारा मी, हेही. पण यातलं काहीच एवढं मोठं नव्हतं. चार दिवस रडली असती. मिश्राबाई हसल्या असत्या.

मुक्ता आली आणि टाकीपाशी उभी राहिली. सुनीताने बटण बघितलं, लाल टेप बघितला. मग नानांकडे बघितलं. मुक्ताच बोलली. "आजोबा, आपने बंद किया?"

"बटण मी बंद केलं," नाना म्हणाले. "पण त्याला इस्त्री हुती. चालू हुती, म्हणून केलं."

"नाना," मी म्हणालो, "इस्त्री आत कपाटात आहे."

हे मी म्हणालो. हळू आवाजात, समजुतीच्या सुरात. तो सूर मला अजून ऐकू येतो.

नाना आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ आतच होते. मुक्ता म्हणाली, "झूठ क्यों बोल रहे हैं?" आणि मी तिला गप्प केलं नाही. नाना बाहेर आले, प्लगसमोर वाकून उभे राहिले. पिनेपासून वायरवर बोट फिरवत टाकीपर्यंत गेले. वायर हीटरचीच होती.

"मला दिसली हुती रे," म्हणाले. मग म्हणाले, "नसंल मग."

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. एकच. मी ते बोललो नाही.

पुढचं सांगताना मला कुठेच थांबायला जागा मिळत नाही. सुनीताने ताईला फोन केला. बटण विसरणं वेगळं, ताई म्हणाली, पण नसलेली वस्तू दिसणं? डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. आधी कधी असं झालंय का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बारीकसारीक. काहीच झालेलं नव्हतं. नाना शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते, पोलिसापुढे बसावं तसे. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती घेतली की नाना दुपारभर पेंगायचे, आणि मग घरातले म्हणायचे, बघ, किती बदललेत.

होळी झाली. तिकिटाचा विषय कुणी काढला नाही. नानांनीही नाही.

त्यांनी बटणं बंद करणं सोडलं. लावणंही सोडलं. संध्याकाळी मी घरी यायचो तर ते अंधारात बसलेले, कुणी दिवा लावील याची वाट बघत. वस्तूला हात लावून बघायचे, बसण्याआधी खुर्चीला, पिण्याआधी पेल्याला. मुक्ताला विचारायचे, "हितं खुर्ची हाय न्हवं?" ती हसायची, तेही हसायचे. तिला वाटायचं आजोबा गंमत करतात. रस्त्यावरून एखादी बस गेली की खिडकीशी जायचे आणि मला विचारायचे, "गेली न्हवं आत्ता बस?" हो नाना, गेली, मी म्हणायचो. घाटातल्या धुक्यात ज्या माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून गाडीभर माणसं झोपत होती, तो मला बस गेली का विचारत होता. आणि मी त्याला उत्तर देत होतो. मी सगळ्यांनाच उत्तरं देतो.

नाना त्यानंतर तीनेक वर्षं जगले. लखनौतच गेले, गोमतीकाठी मी त्यांना अग्नी दिला. तेव्हाही सांगता आलं असतं, निदान ताईला. ती रडत म्हणत होती, तू त्यांचं शेवटचं फार केलंस. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

पण हेही मला सांगायचं होतं ते नाही. इस्त्री लपवली तेव्हा मला माहीत नव्हतं त्यातून काय होणार. निदान असं म्हणायची सोय आहे. दुसरी एक गोष्ट आहे, तिथं ती सोयही नाही.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्याच्या आधीचा उन्हाळा. सुनीता मुक्ताला घेऊन माहेरी गेली होती. मी कामावरून आलो तर नाना बाहेरच्या खोलीत, इस्त्रीचा — नाही, साधा धुतलेला पांढरा शर्ट घालून, पायाशी बॅग भरलेली. त्यांनी सगळं योजून ठेवलं होतं. म्हणाले, "पंधरा दिस जातो. गॅसला हात लावत न्हाई, डबा लावतो. टपरीवाला रोज सकाळी हाक मारंल. तू चल हवं तर, सोड मला आणि चार दिस बघ. न्हाई जमलं तर मीच म्हणतो, परत ने."

एवढं सलग ते कितीतरी महिन्यांनी बोलले होते. घरात आम्ही दोघंच होतो. दोघंच. ऐकायला कुणी नव्हतं, लाज वाटायला कुणी नव्हतं. नाना, प्लगला इस्त्रीच होती. चार शब्द. त्यांनी मला शिवी दिली असती, कदाचित हसलेही असते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी गाडीत चढले असते.

मी म्हणालो, "नाना, इस्त्रीचं आठवतंय ना?"

त्यांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले. "ते हायच."

वाकून बॅगेची चेन शोधायला लागले. ती समोरच होती. त्यांनी बोट तिच्यावर ठेवलं आणि वर बघितलं, हीच का, असं विचारल्यासारखं. मी हो म्हणालो. मग मीच ती उघडली, त्यांचे कपडे एकेक करून बाहेर काढले आणि कपाटात परत लावून ठेवले.